हृदयरोगतज्ज्ञ घडविण्याच्या पद्धती : एक तुलनात्मक समीक्षा (विशेष संदर्भ : शिरपूर जैन परिसर)

प्रस्तावना

वैद्यकीय शिक्षणाविषयीची चर्चा महाराष्ट्रात बहुधा जागा, शुल्क आणि प्रवेशपरीक्षा या तीन मुद्द्यांभोवती फिरत राहते. दरवर्षी किती डॉक्टर बाहेर पडले याची मोजदाद होते. मात्र ते कसे घडले आणि कोणासाठी घडले हे प्रश्न मागे पडतात. हृदयरोगशास्त्राच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक जाणवते, कारण या शाखेत उपचाराचे यश मिनिटांवर अवलंबून असते. विविध देशांत हृदयरोगतज्ज्ञ कोणत्या पद्धतीने घडविले जातात याची तुलना करून भारतीय पद्धतीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या चिकित्सेची कसोटी म्हणून वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे गाव समोर ठेवले आहे.

मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभरातील जैन यात्रेकरूंना परिचित आहे. ज्या वाशिम जिल्ह्यात ते वसले आहे तो १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झाला. अशा गावात एखाद्या शेतकऱ्याच्या छातीत कळ आली, तर त्याला प्रथम पाहणारा डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञ नसतो. तो प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी किंवा गावातील खाजगी व्यावसायिक असतो. रुग्णाचा पुढचा प्रवास वाशिम, अकोला आणि प्रसंगी नागपूर असा होतो. तज्ज्ञ या प्रवासाच्या अखेरीस भेटतो, तर रुग्णाच्या आयुष्याचा निर्णय अनेकदा त्याच्या आरंभीच होऊन गेलेला असतो.

वर्षांच्या हिशेबाची मर्यादा

देशोदेशींच्या प्रशिक्षणाची तुलना सामान्यतः वर्षांच्या हिशेबाने केली जाते. भारतात साडेपाच वर्षांच्या एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांची एम.डी. आणि त्यानंतर तीन वर्षांची डी.एम. ही पदवी घ्यावी लागते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा समकक्ष मार्गही उपलब्ध आहे. अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर तीन वर्षे अंतर्गत वैद्यकाची रेसिडेन्सी आणि तीन वर्षे हृदयरोगाची फेलोशिप असते. अँजिओप्लास्टीसारख्या उपचारांत विशेष प्रावीण्य हवे असल्यास त्यात आणखी भर पडते. ऑस्ट्रेलियात तीन वर्षांचे पायाभूत आणि तीन वर्षांचे प्रगत प्रशिक्षण आहे. जर्मनीत या विषयातील तज्ज्ञतेसाठी सहा वर्षे ठरविलेली आहेत. ब्रिटनमध्ये मात्र दोन वर्षे पायाभूत प्रशिक्षण, तीन वर्षे अंतर्गत वैद्यक आणि पाच वर्षे हृदयरोग असा एकूण दहा वर्षांचा पल्ला आहे.

ब्रिटनचा अपवाद सोडल्यास पदवीनंतरचा काळ सर्वत्र सुमारे सहा वर्षांचा भरतो. त्यामुळे भारतीय तज्ज्ञ कमी शिकतो, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. उलट मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयात शिकणाऱ्या डॉक्टरपुढे रुग्णांची जी संख्या आणि जे वैविध्य असते, ते परदेशातील अनेक विद्यार्थ्यांना लाभत नाही. संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली हृदयाची झडप फुग्याच्या साहाय्याने रुंद करण्याचे कौशल्य येथील विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णांवर आत्मसात करतो. पाश्चात्त्य देशांत हा आजार आता विरळ झाला आहे. म्हणून खरा भेद कालावधीत शोधण्यापेक्षा तीन अन्य ठिकाणी शोधावा लागतो. प्रशिक्षणार्थ्याचे मूल्यमापन कसे होते, प्रशिक्षण कोठे होते, आणि तज्ज्ञ व सामान्य डॉक्टर यांच्यामध्ये एखादी पायरी ठेवलेली आहे काय, हे ते तीन प्रश्न होत.

मूल्यमापन आणि नियमांची भाषा

भारतात डी.एम. चा प्रवेश २०१७ पासून 'नीट एसएस' या संगणकीय परीक्षेद्वारे होतो. बहुपर्यायी प्रश्नांची ही परीक्षा शिफारशी आणि लागेबांधे यांना वाव देत नाही, हा तिचा निर्विवाद गुण आहे. परंतु उमेदवाराचा रुग्णाशी संवाद, त्याचा हात आणि त्याची निर्णयशक्ती यांविषयी ती मौन पाळते. अभ्यासक्रमाच्या अखेरीस लेखी प्रश्नपत्रिका, प्रत्यक्ष रुग्णतपासणी आणि मौखिक परीक्षा होते. अभ्यासकाळात नोंदवही ठेवण्याची तरतूद असली तरी अंतिम परीक्षेचे वजन मोठे राहते.

अमेरिकेत दर सहा महिन्यांनी ठरावीक टप्प्यांच्या आधारे प्रगतीचा आढावा घेतला जातो. हृदयरोगाच्या प्रशिक्षणासाठी तेथील हृदयरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत कौशल्याचे तीन स्तर सांगितले आहेत. कोणते कौशल्य प्रत्येकाला हवे आणि कोणते मोजक्यांनीच मिळवावे, हे त्यातून स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये वार्षिक आढाव्याची पद्धत असून सहकारी डॉक्टर आणि परिचारिका यांचे अभिप्रायही त्यात विचारात घेतले जातात. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२० च्या अभ्यासक्रमात प्रशिक्षणार्थ्यावर कोणते काम देखरेखीशिवाय सोपविता येईल, या निकषावर भर आहे. 'विद्यार्थ्याला काय माहीत आहे' या प्रश्नाकडून 'त्याच्यावर काय सोपविता येईल' या प्रश्नाकडे झालेला हा प्रवास आहे.

नियमांच्या भाषेतील फरकही येथे लक्षात घ्यावा लागतो. अमेरिकेत प्रशिक्षणार्थी डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा २००३ पासून घातलेली आहे. भारतात केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरविषयक निर्देशांत तासांचा आकडा होता. मात्र राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत विद्यार्थ्याने 'वाजवी' तास काम करावे आणि त्याला 'वाजवी' विश्रांती मिळावी, असे म्हटले आहे. आकडा मोजता येतो आणि त्याचा भंग सिद्ध करता येतो. विशेषणाचा भंग सिद्ध करणे अवघड असते. अपुऱ्या झोपेने थकलेल्या डॉक्टरच्या हाती कॅथ लॅबमधील रुग्ण असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही.

प्रशिक्षणाचे स्थळ

ब्रिटिश पद्धतीत प्रशिक्षणार्थ्याची नेमणूक एका प्रदेशात होते आणि पाच वर्षांत तो मोठ्या संदर्भ रुग्णालयांबरोबर जिल्हा पातळीवरील सर्वसाधारण रुग्णालयांतही फिरतो. त्यामुळे अपुऱ्या साधनांत निर्णय घेणे आणि रुग्ण केव्हा पुढे पाठवायचा हे ठरविणे, ही कौशल्ये प्रशिक्षणाचाच भाग ठरतात. भारतातील डी.एम. चा विद्यार्थी तीनही वर्षे प्रामुख्याने महानगरातील एकाच संस्थेत घालवितो. त्याच्यापुढे येणारा वाशिमचा रुग्ण आधीच अनेक हातांतून गेलेला असतो. त्या हातांनी काय केले, काय राहून गेले आणि का राहून गेले, हे त्या विद्यार्थ्याला चिठ्ठीवरून कळते, अनुभवातून कळत नाही.

ही उणीव धोरणकर्त्यांच्या ध्यानात आलीच नाही, असे नाही. एम.डी. व एम.एस. च्या विद्यार्थ्यांसाठी तीन महिन्यांचा जिल्हा निवासी कार्यक्रम सुरू झाला आहे. परंतु डी.एम. चे विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांच्यासाठी बंधपत्राचा मार्ग आहे आणि अतिविशेषोपचार पदव्यांसाठीची अशी बंधपत्रे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये वैध ठरविली. तथापि या दोन मार्गांत तात्त्विक अंतर आहे. बंधपत्रातील सेवा शिक्षण संपल्यावर येते, म्हणून ती फेडावयाचे ऋण वाटते. प्रशिक्षणातील ग्रामीण नेमणूक शिक्षणाचा अंश असते, तिचे मूल्यमापन होते आणि तिच्यावर वरिष्ठांची देखरेख असते. एकाच जिल्हा रुग्णालयातील तेच काम एका व्यवस्थेत शिक्षेसारखे भासते आणि दुसरीत विद्येचा भाग बनते.

हरवलेली मधली पायरी

हृदयविकाराचा तीव्र झटका आल्यावर ईसीजीने निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध त्वरित द्यावे, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्व सांगते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि तो वाशिम जिल्ह्यातून जातो. तरीही शिरपूरच्या रुग्णाने घरातून निघून, निदान होऊन, या मुदतीत नागपूरच्या कॅथ लॅबमध्ये पोहोचणे दुरापास्तच आहे. याचा अर्थ असा की, ईसीजी वाचून ते औषध देऊ शकणारा डॉक्टर रुग्णाच्या जवळ हवा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासाने दक्षिण आशियातील लोकांना हा झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी येतो, हे दाखवून दिले. कर्त्या वयातील माणूस गेला म्हणजे शेती, कर्ज आणि मुलांचे शिक्षण या सर्वांचा भार मागे राहिलेल्यांवर पडतो.

अशी मधली पायरी बांधण्याचा एक प्रयत्न भारतात झाला होता. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २००६ मध्ये एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी दोन वर्षांचा हृदयरोगविषयक पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सुरू केला. अँजिओप्लास्टीसारखे उपचार वगळून निदान, ईसीजी, इकोकार्डिओग्राफी आणि औषधोपचार शिकविणे हा त्याचा हेतू होता. देशातील मोठ्या हृदय रुग्णालयांत हे प्रशिक्षण होत असे. परंतु भारतीय वैद्यक परिषदेने त्यास मान्यता दिली नाही. पदविकाधारक डॉक्टर न्यायालयाच्या आणि निवेदनांच्या फेऱ्यांत अडकले आणि अभ्यासक्रम बंद पडला.

परिषदेची भूमिका सर्वस्वी अनाठायी होती, असे म्हणता येत नाही. दोन वर्षांच्या पदविकेचा धारक पाटीवर 'हृदयरोगतज्ज्ञ' असे लिहील आणि रुग्णाची दिशाभूल होईल, ही भीती खरी होती. परंतु नावाचा प्रश्न नाव निश्चित करून सोडविता येतो. त्यासाठी पायरीच काढून टाकण्याची आवश्यकता नव्हती. ब्रिटनमध्ये हृदयरोगात विशेष रुची असलेला कुटुंबवैद्य आणि हृदयनिकामीपणाच्या रुग्णांची देखभाल करणारी प्रशिक्षित परिचारिका, ही दोन्ही स्थाने आहेत आणि त्यांना कोणी तज्ज्ञ समजत नाही. तामिळनाडूतील छोटी रुग्णालये मोठ्या हृदयकेंद्रांना जोडून प्रथम औषध आणि नंतर अँजिओग्राफी अशी साखळी उभारण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे त्यांतून दिसले. साखळीतील पहिली कडी सक्षम झाली की शेवटच्या कडीचे ज्ञानही अधिक फलदायी ठरते, असे या अनुभवावरून म्हणता येईल.

मान्यतेचा एकेरी रस्ता

तुलनेचा आणखी एक पैलू नोंदविणे आवश्यक आहे. केंद्र सरकारने २००८ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांतील पदव्युत्तर वैद्यकीय पदव्यांना भारतात मान्यता दिली. उलट दिशेने मात्र अशी सरसकट मान्यता नाही. डी.एम. झालेल्या डॉक्टरला अमेरिकेत सामान्यतः रेसिडेन्सीपासून पुन्हा आरंभ करावा लागतो आणि ब्रिटनमध्ये आपल्या अनुभवाची सविस्तर कागदपत्रे सादर करावी लागतात. यात केवळ गर्व शोधणे योग्य नाही. ज्या प्रशिक्षणाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद आहे ते परक्याला तपासता येते. ज्याची साक्ष मुख्यतः अंतिम परीक्षा देते त्यावर परक्याने विश्वास ठेवावा असा आग्रह धरता येत नाही. नोंदीची ही शिस्त परदेशगमनासाठी नव्हे, तर येथील रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी हवी.

परकीय पद्धतींचेही दोष आहेत. ब्रिटिश प्रशिक्षण दीर्घ आहे आणि तेथील कनिष्ठ डॉक्टरांनी २०२३ मध्ये वेतनासाठी वारंवार संप केले. अमेरिकन डॉक्टर शिक्षणकर्जाचे ओझे वाहतो आणि तेथील ग्रामीण भागही तज्ज्ञांपासून वंचित आहे. म्हणून यांपैकी कोणत्याही पद्धतीचे अनुकरण हा उपाय ठरत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, भारतीय पद्धतीने हृदयरोगशास्त्राचे शिखर समर्थपणे उभारले. पण पायथ्यापासून तेथवर जाणारी वाट बांधली नाही. ही वाट बांधण्यासाठी काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. डी.एम. च्या तीन वर्षांत जिल्हा रुग्णालयातील देखरेखीखालील नेमणूक अनिवार्य व्हावी. आरोग्य केंद्रातून आलेला ईसीजी वाचून सल्ला देणे हे प्रशिक्षणार्थ्याचे काम मानले जावे आणि त्याची नोंदवहीत नोंद व्हावी. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी मर्यादित अधिकारांचे, निःसंदिग्ध नावाचे हृदयरोग प्रशिक्षण पुन्हा सुरू व्हावे. कामाच्या तासांसाठी नियमावलीत विशेषणाऐवजी आकडा यावा.

वाशिम येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे उद्या पदव्युत्तर वर्ग सुरू होतील, तेव्हा शिरपूर, मालेगाव आणि रिसोडचे रुग्ण हेच त्या विद्यार्थ्यांचे पहिले पाठ्यपुस्तक असतील. त्या महाविद्यालयाचे यश किती विद्यार्थी पुढे महानगरात डी.एम. ला गेले यावरून मोजावे, की शिरपूरच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर मध्यरात्री ईसीजी वाचून निःशंकपणे औषध देऊ लागला यावरून मोजावे, हा निर्णय शिक्षणव्यवस्थेला घ्यावा लागेल. हृदयरोगतज्ज्ञ घडविण्याच्या पद्धतीची खरी परीक्षा रुग्णाच्या पहिल्या दोन तासांत होते, आणि त्या वेळी तज्ज्ञ तेथे नसतो.