तात्पर्याच्या आधीची गोष्ट : सी. एस. लुईस यांची मुलांना लिहिलेली पत्रे

मुलांसाठी गोष्टी लिहिणारे लेखक प्रत्येक भाषेत असतात. परंतु गोष्ट कशी लिहावी हे मुलांना सांगणारे, आणि तेही मुलांना धाकटे सहव्यवसायी मानून सांगणारे लेखक विरळाच. बहुतेक साहित्यिक आपल्या कारागिरीची चर्चा समवयस्कांच्या मेळाव्यात करतात. मुलांच्या वाट्याला येतो तो आशीर्वाद आणि स्वाक्षरी. ह्या पार्श्वभूमीवर सी. एस. लुईस यांचा मुलांशी झालेला पत्रव्यवहार वेगळा ठरतो. त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, 1985 साली, तो ‘लेटर्स टू चिल्ड्रन’ ह्या नावाने ग्रंथरूपात आला. आपल्या धर्मग्रामांतील पालक आणि धर्मशिक्षक यांनी तो का वाचावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लुईस यांचा जन्म 1898 सालचा, बेलफास्टचा. ऑक्सफर्डला आणि पुढे केंब्रिजला त्यांनी इंग्रजी साहित्याचे अध्यापन केले. तरुणपणी श्रद्धेपासून दूर गेलेले हे विद्वान 1931 साली ख्रिस्ताकडे परतले. ते अँग्लिकन पंथाचे होते. तरी कॅथलिक वाचकांनीही त्यांना आपले मानले आहे. 1950 ते 1956 ह्या काळात नार्निया ह्या कल्पित देशाच्या त्यांच्या सात कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आणि मुलांची पत्रे येऊ लागली. त्यांतील कित्येक पत्रलेखक अमेरिकेतील होते. लुईस यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते.

ह्या पत्रांत लेखनाविषयीचा उपदेश थोडा आहे, पण आहे तो नेमका. 1956 साली एका मुलीला लिहिताना ते पाच गोष्टी सांगतात. त्यांचा सारांश असा : आपले म्हणणे अगदी स्पष्ट होईल अशी भाषा वापरावी, अवघड शब्दापेक्षा साधा, सरळ शब्द निवडावा, अमूर्त नामापेक्षा मूर्त वस्तूचे नाव बरे, वाचकाला काय वाटावे हे विशेषणांनी सांगू नये, ते वाटेल असे वर्णन करावे, आणि विषयाला न पेलणारे मोठे शब्द टाळावेत. चौथा मुद्दा आपल्याकडील मुलांना विशेष उपयोगी आहे. शालेय निबंधांनी आपल्या मुलांच्या हाती ‘अविस्मरणीय’, ‘हृदयद्रावक’, ‘नयनरम्य’ अशी विशेषणांची पुरचुंडी दिलेली असते. पुरात घर गेलेल्या माणसाविषयी लिहिताना मूल ‘हृदयद्रावक प्रसंग’ असे लिहून मोकळे होते. त्याऐवजी त्या माणसाने चिखलातून कोणती वस्तू आधी उचलली, एवढेच लिहिले तर? वाचकाचे काम लेखकाने वाचकाकडेच सोपवावे, असा हा धडा आहे.

1959 सालच्या दुसऱ्या एका पत्रात आठ सूचना आहेत. रेडिओ बंद ठेवावा. चांगली पुस्तके वाचावीत, मासिके मात्र बहुतेक सर्व टाळावीत (ही सूचना एका त्रैमासिकातून सांगताना मला थोडा संकोच होतो). आपल्याला खरोखर ज्यात रस आहे तेच लिहावे. अर्धवट राहिलेले लिखाण फेकून देऊ नये, कारण पुढे कधी तरी तेच कामी येते. आणि लिहावे ते डोळ्यांनी नव्हे, कानांनी. प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हटल्यास कसे ऐकू येईल ते पाहावे. कानाविषयीची ही सूचना वसईसारख्या भागात निराळाच अर्थ घेऊन येते. आपल्या मुलांच्या कानात घरची सामवेदी किंवा वाडवळी बोली असते आणि वहीत शाळेची प्रमाण मराठी. पात्रांना बोलते करण्याची वेळ आली की मूल कानावर विश्वास ठेवत नाही आणि आजीच्या तोंडी पाठ्यपुस्तकातील वाक्ये घालते. तिथेच ती आजी मरते.

तथापि ह्या पत्रांचे खरे महत्त्व अशा सूचनांपेक्षा खोल आहे. गोष्ट कोठून सुरू होते, ह्या प्रश्नाचे लुईस यांनी दिलेले उत्तर धर्मगुरूला अस्वस्थ करणारे आहे. त्यांनी 1960 साली लिहून ठेवले आहे की नार्नियाचा उगम एका चित्रात होता : बर्फाळ वनातून छत्री आणि पुडकी सांभाळत चाललेला, अर्धा माणूस व अर्धा बोकड असा एक प्राणी. हे चित्र सोळाव्या वर्षापासून त्यांच्या मनात होते; त्याची गोष्ट करून पाहावी असे चाळिशीच्या सुमारास वाटले. पुढे त्या गोष्टीत अस्लान हा सिंह आला आणि त्याने सारे कथानक आपल्या मागे ओढून नेले. म्हणजे आधी बोधवचन ठरवून मग त्याला कथेचा अंगरखा शिवला, असे घडले नाही. 1954 साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या पाचवीच्या मुलांना ते हेच समजावतात. येशूचे प्रतीक म्हणून आपण सिंह योजला नाही. नार्नियासारखा देश असता आणि देवपुत्र तिथे सिंह होऊन आला असता तर काय घडले असते, अशी कल्पना आपण करून पाहिली, असे ते सांगतात.

त्याच्या आदल्या वर्षी एका अकरा वर्षांच्या मुलीने, आपल्या जगात अस्लानचे नाव काय, असे विचारले होते. लुईस ते नाव सांगत नाहीत. नाताळच्या सुमारास आलेला, दुसऱ्याच्या अपराधासाठी स्वतःला वाहून देणारा, पुन्हा जिवंत झालेला असा कोणी आपल्या जगात झाला आहे का, ह्याचा तूच विचार कर, असे ते सुचवतात. आणखी एका पत्रात तर नार्नियाच्या इतिहासातील मोकळ्या जागा स्वतःच्या गोष्टींनी भरून काढण्याचे आमंत्रण ते वाचकाला देतात. मुलाच्या बुद्धीवर एवढा भरवसा टाकणारा लेखक दुर्मीळच म्हणावा लागेल.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका बालकथास्पर्धेचा मी परीक्षक होतो. एका मुलीने आपल्या आजीची गोष्ट लिहिली होती. वाडीतले बावखल मातीची भरणी करून बुजवले जात असते. आजी रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसते. आणि शेवटच्या दिवशी, जिने ती मोगऱ्याला पाणी घालायची ती कळशी ओट्यावर उपडी करून ठेवते. गोष्ट तिथे संपली होती. मी लाल शाईने लिहिले, ‘तात्पर्य नाही’, आणि गुण कापले. पुढच्या वर्षी त्याच मुलीची गोष्ट आली. तिच्यात तात्पर्य होते. बावखल नव्हते, आजीही नव्हती. त्या वर्षी तिला बक्षीस मिळाले. लुईस यांची पत्रे वाचताना ती उपडी कळशी मला पुन्हा आठवली, आणि त्या बक्षिसाची लाज वाटली.

कोणी विचारील, मग ख्रिस्ती घरातील मुलांच्या गोष्टीत मूल्यसंस्कार नकोतच काय? लुईस यांचे उत्तर असे की लेखकाने आयुष्यभर जी आध्यात्मिक मुळे रुजवली असतील, त्यांतूनच गोष्टीचा बोध उगवतो; तो शेवटी चिकटवता येत नाही. म्हणजे जबाबदारी कमी होत नाही, वाढते. संस्कार करायचे ते प्रार्थनेत, घरात, शेजाऱ्याशी वागण्यात. गोष्टीत ते आपोआप उतरतील.

आणि आपल्या प्रभूची रीत तरी कोणती होती? उधळ्या पुत्राच्या दाखल्याचा शेवट आठवावा. बाप अंगणात येऊन थोरल्या मुलाची समजूत घालतो; पण तो आत गेला की नाही, हे संत लूक सांगत नाहीत. चांगल्या शोमरोनीचा दाखला संपतो तेव्हा प्रभू शास्त्र्यालाच प्रश्न विचारतात आणि उत्तर त्याच्याकडून काढून घेतात. सेमिनरीत आम्ही दाखल्यांचे अर्थ शिकलो. ते अर्थ प्रवचनात सांगण्याची घाई मात्र आमची आम्हीच शिकलो.

लुईस यांना दोष नाहीत असे नाही. स्वतःचाच नियम ते क्वचित मोडतात. ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’च्या अखेरीस अर्थ सांगण्याचा मोह त्यांना आवरलेला नाही. पगडी बांधणाऱ्या, सावळ्या कॅलोर्मेन लोकांचे त्यांनी केलेले चित्रण भारतीय वाचकाला खुपते. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नाही, तेथील मुलाला ‘चांगली पुस्तके वाच’ हा सल्लाही अपुराच. त्या मुलाला आधी ग्रंथालय हवे, आणि ते देणे हे धर्मग्रामाचे काम आहे.

परंतु 1955 सालचे एक पत्र ह्या उणिवांवर मात करते. आपला नऊ वर्षांचा मुलगा येशूपेक्षा अस्लानवर अधिक प्रेम करतो की काय, ह्या धास्तीने एका आईने लिहिले होते. लुईस धीर देतात : अस्लानच्या ज्या कृतींवर आणि शब्दांवर मुलाचे प्रेम बसले आहे, त्या कृती आणि ते शब्द येशूचेच आहेत, तेव्हा तो येशूवरच प्रेम करतो आहे. आईने तात्पर्य सांगण्यापूर्वीच ते मुलाच्या हृदयात पोहोचले होते.

पालकांना एवढीच विनंती की मुलाने गोष्ट वाचून दाखवली तर ‘ह्यातून काय शिकलास?’ असे लगेच विचारू नये. ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारावे. आमच्या धर्मग्रामाच्या कथास्पर्धेच्या पत्रकात ‘तात्पर्य लिहिणे आवश्यक’ अशी एक ओळ वर्षानुवर्षे छापली जात असे. ह्या वर्षी मी ती काढून टाकली आहे.