बानूची बाजू, म्हाळसाची बाजू आणि एक टळलेला मुहूर्त

‘जय मल्हार’ झी मराठीवर चालू होती, म्हणजे २०१४ ते २०१७ या काळात, तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष होते. आजी म्हाळसाकडून. ‘लग्नाची बायको घरात असताना ह्याला रानात जायचं कामच काय?’ हा तिचा एकच मुद्दा, आणि तो तिला तीन वर्षं पुरला. चुलती बानूकडून. तिचं म्हणणं, बानूनं काही त्याला बोलावणं धाडलं नव्हतं, तोच तिच्या दारात मेंढरं राखायला गेला. देवदत्त नागे यांचा खंडोबा पडद्यावर तलवार उपसायचा तेव्हा आमच्याकडे ताटं उचलली जायची, कुणी पाणी भरायला उठायचं. सुरभी हांडे यांची म्हाळसा आणि ईशा केसकर यांची बानू समोरासमोर आल्या की मात्र घर चिडीचूप.

फार उशिरा माझ्या लक्षात आलं की या सगळ्या भांडणात एक प्रश्न कुणीच विचारला नाही. दैत्य मारणाऱ्याने मुळात प्रेम करावं का? त्याला संसार परवडतो का? कुणावर करावं यावर वाद झाला, करावं का यावर नाही.

हा दुसरा प्रश्न मला भेटला मोबाइलवर. ‘सुपरनॅचरल’ ही अमेरिकी मालिका २००५ ते २०२० अशी पंधरा सीझन चालली, ३२७ भाग. डीन आणि सॅम विंचेस्टर हे दोघे भाऊ एका काळ्या गाडीतून गावोगाव हिंडतात, भुतं-पिशाच्चं मारतात आणि स्वस्तातल्या मोटेलात झोपतात. तिच्या चाहत्यांमधला जुना वाद असा : डीनला माणसं हवीत की नकोत? एका गटाला वाटतं, गमावण्यासारखं काही नसणं हीच त्याची ताकद आहे. त्याच्या जवळ जो येतो तो मरतो, मग जवळ येऊच कशाला द्यायचं? दुसरा गट विचारतो, माणसंच नसतील तर हा राक्षस मारतो कुणासाठी? ‘द विचर’ पाहणाऱ्यांनीही हेच भांडण गेराल्टवरून केलंय. तो डोंगरावर आपल्या शाहीर मित्राला, जॅस्किअरला, नको नको ते बोलून हाकलतो, त्या भागानंतर तर जास्तच.

मी या वादात दुसऱ्या गटात आहे, हे आधीच सांगून टाकते. पण माझी तक्रार चाहत्यांबद्दल नाही, लेखकांबद्दल आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅस्टिएल हा देवदूत डीनला आपलं प्रेम बोलून दाखवतो आणि तिथल्या तिथे नाहीसा होतो, कारण त्याचा करारच तसा असतो : खऱ्या सुखाचा क्षण आला की तू संपलास. हा करार ओळखीचा वाटतो का? ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’च्या दुसऱ्या सीझनमध्ये अँजलला हाच शाप आहे. सुखाचा एक क्षण, आणि त्याचा आत्मा जातो, प्रियकराचा पुन्हा राक्षस होतो. मधे वीसेक वर्षं गेली, तरी युक्ती तीच. ‘सुपरनॅचरल’च्या शेवटच्या भागात डीन एका शिकारीत मरतो, सॅम संसाराला लागतो आणि मुलाचं नाव डीन ठेवतो. म्हणजे लढाई एकाच्या वाट्याला, घर दुसऱ्याच्या. दोन्ही एकाच माणसाला देण्याची हिंमत पंधरा वर्षांत झाली नाही. (आपल्याकडे हिंदीत ‘विक्राल और गबराल’ होती. तिथे भुतं पकडणाऱ्याला मित्र दिला, पण तो हसवण्यापुरता. ते बरं की हे, सांगता येत नाही.)

आता खंडोबाकडे बघा. बीड शहराच्या पूर्वेला टेकडीवर त्याचं जुनं देऊळ आहे, पुढे दोन उंच दीपमाळा. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारणारा हा देव एकटा कधी नसतोच. घोडा आहे, कुत्रं आहे, हेगडी प्रधान आहे, वाघ्या-मुरळी आहेत. बायका तर परंपरेने पाच सांगितल्या : वाण्याची म्हाळसा, धनगराची बाणाई, शिंपीण रंभाई, माळीण फुलाई आणि चंदाई भागवीण. एकेका समाजातून एकेक, म्हणजे राज्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस त्याचा कुठल्या ना कुठल्या नात्याने पाहुणा लागतो. आणि मला सगळ्यात आवडतो तो घोडा. कथेत मणी शरण येतो, क्षमा मागतो आणि आपला पांढरा घोडा देवाला देतो. ज्याला मारायला निघाला त्याचीच भेट घेऊन हा शिकारी पुढे आयुष्यभर फिरतो. देवळात मणीची मूर्तीही असते. डीनच्या गाडीत इतकी माणसं बसलीच नसती.

‘जय मल्हार’चं यश आणि अपयश दोन्ही इथेच आहेत. कोठारे व्हिजनच्या या मालिकेने प्रेमाला शिक्षा म्हणून वापरलं नाही, हे यश. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव बारा वर्षं बाहेर पडतो, धनगरवाड्यात चाकरी करतो, लेंड्या काढतो, ही गोष्ट लोकगीतांत आहे आणि मालिकेने ती मनापासून रंगवली. देवाला प्रेमासाठी मेहनत करावी लागते, हे प्राइम टाइमला दिसणं काही थोडकं नव्हे. पण दोन्ही बायका एका छताखाली आल्यावर लेखकांचं भान सुटलं. जेजुरीच्या गडावर म्हाळसा वर देवाजवळ आणि बाणाईचं ठाणं निम्म्या वाटेवर. या एका अंतरात केवढी जात, केवढी वर्गवारी, केवढा अपमान आहे! मालिकेने त्याचं बरंचसं सवती-सवतीचं रुसूबाई-रुसू करून टाकलं. चुलती बानूची बाजू का घ्यायची, ते तिला नीट सांगता यायचं नाही. मला आता वाटतं, ती निम्म्या वाटेवरच्या बाईची बाजू घेत होती.

इथपर्यंत सगळे शिकारी पुरुष झाले. राक्षस मारणारी बाई बघायची तर आम्हाला अमेरिकेत जायची गरज नाही, अंबाजोगाईला गेलं तरी पुरे. योगेश्वरीने दंतासुराला मारलं. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ती कुलदेवी. कथा अशी की तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड आलं आणि मुहूर्त टळला. का टळला, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. पण पुढचं सगळीकडे सारखं : वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारिकाच राहिली. हत्तीखान्याच्या लेण्यांत दगडी हत्ती आहेत, ते त्या वऱ्हाडातले म्हणून दाखवतात. परळी तिथून पंचवीसेक किलोमीटर. इतक्या अंतरावर नवरा, आणि ही ना सासरी गेली ना माहेरी परतली.

दैत्य मारणाऱ्या पुरुषाला पाच बायका आणि दैत्य मारणाऱ्या बाईला चुकलेला मुहूर्त. एकाच महिन्यात दोघांचे उत्सव येतात, तेही लागून. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी, खंडोबाची. दुसऱ्या दिवशी सप्तमीला योगेश्वरीचं नवरात्र बसतं ते पौर्णिमेपर्यंत.

माझी एक मैत्रीण अंबाजोगाईची. तिला मी ही विषमता मोठ्या तावातावाने ऐकवली, तर ती म्हणाली, ‘मुहूर्त टळला हे खरं, की तिनं टाळला?’ मग आमच्यातही दोन पक्ष पडले. ही कथा मी शिक्षेची म्हणून वाचत होते, ती सुटकेची म्हणून वाचत होती. आणि तिचं वाचन हवेतलं नाही. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, उचल त्या जोडीला मिळते. लग्न म्हणजे कामाचं एक माप. अठरा पुरी व्हायच्या आत पोरींची लग्नं लागतात, ती प्रेमाचा प्रश्न सोडवायला लागत नाहीत. जिथे एकटं राहणं हा पर्याय म्हणून कुणी उच्चारतसुद्धा नाही, तिथे एक बाई लग्नाच्या दारातून मागे फिरली आणि गावाने तिला देव्हाऱ्यात बसवलं, हे एखाद्या पोरीने दुःखाची गोष्ट म्हणून का वाचावं?

तरीही मी माझा पक्ष पूर्ण सोडलेला नाही, आणि त्याचं कारण बफीमधली केंड्रा. ही दुसरी स्लेअर. लहानपणापासून आईबापांपासून दूर, शिस्तीत वाढलेली. मैत्री नको, मुलगे नकोत, मन विचलित होतं असं शिकवलेली. बफी मात्र ग्रंथालयात दोन-चार मित्र जमवून बसते, गृहपाठ बुडवते, नियम मोडते. दोघींत शिस्तीची केंड्रा आधी मरते, दुसऱ्याच सीझनमध्ये. बफीही पहिल्या सीझनच्या शेवटी पाण्यात बुडून मरते, पण झँडर नावाचा मित्र तिथे असतो, तो तिच्या तोंडात श्वास भरतो. मालिकेचं सगळं म्हणणं त्या एका श्वासात आहे. आणि २००३ मध्ये शेवट होताना बफी आपली एकटीची शक्ती जगातल्या सगळ्या होऊ घातलेल्या मुलींना वाटून टाकते. नवरा मिळणं न मिळणं तिथे मुद्दाच उरत नाही.

म्हणून मैत्रिणीला मी म्हटलं, मुहूर्त तिनं टाळला असेल तर टाळू दे, छान झालं. पण मग तिच्या सख्या कुठे गेल्या? वऱ्हाडात करवल्या असतीलच की. कथेत त्यांचं एक नाव नाही, वऱ्हाडाबरोबर त्याही दगड झाल्या. खंडोबाला हेगडी आहे, घोडा आहे, शत्रूसुद्धा आहे जवळ उभा. योगेश्वरीला लग्न न देणारी कथा मी समजू शकते. तिला एक मैत्रीणही न देणारी कथा मला अजून पटत नाही.

यावर मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘सप्तमीला येतेस का? ओटी भरायला बायकांची रांग लागते, ती बघ आधी.’