हिरवी पाटी आणि काकांचा हट्ट

गेल्या पावसाळ्यात आजोबांना ज्या विद्युतदाहिनीत नेलं, तिच्या दारावर 'पर्यावरणपूरक' अशी हिरवी पाटी होती. आत ट्यूबलाइट, पिवळट टाइल्स, भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. ट्रॉली रुळांवरून आत सरकली आणि लोखंडी दार खाली आलं. बाबांच्या हातातला कापूर तसाच जळत राहिला. बाहेर पुढची मंडळी थांबली होती. परतताना काका म्हणाले, "माझ्या वेळी लाकडंच घाला रे."

पाटी खोटी नव्हती. उघड्या चितेला साधारण चारशे-पाचशे किलो लाकूड लागतं, शिवाय धूर. पण काकांसारखी माणसं दाहिनी टाळतात, तेव्हा हिशोब उलटा फिरतो. थंड झालेली भट्टी एखाद-दुसऱ्या अंत्यविधीसाठी पुन्हा तापवायची म्हणजे दर वेळी जास्त वीज. म्हणून माझ्या मते स्मशानात 'हिरवं' काय, हे फक्त यंत्र पाहून ठरत नाही. घरच्यांना तिथे उभं राहावंसं वाटतं का, हेही त्यात मोजायला हवं.

दिल्लीच्या 'मोक्षदा' संस्थेला हे १९९०च्या दशकातच कळलं होतं. त्यांच्या रचनेत लाकडं उंच जाळीवर रचतात, खालून हवा खेळते, वर धुराडं असतं. उष्णता वाया कमी जाते. संस्थेच्या म्हणण्यानुसार दीडशे-दोनशे किलोत काम भागतं. आणि मुखाग्नी, प्रदक्षिणा, कपाळक्रिया सगळं करता येतं. हे फार शहाणं डिझाइन आहे. माझी तक्रार एवढीच, की ते चितेपाशीच थांबतं. रडणाऱ्या माणसाने बसायचं कुठे, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी पत्र्याची शेडच देते.

तो विचार पाहायचा तर स्टॉकहोमची स्कूगशिर्कोगोर्डन ही दफनभूमी बघा. मी तिथे गेलेलो नाही. नकाशे आणि फोटोंवरूनच बोलतोय. १९१५च्या स्पर्धेतून गुन्नार आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेवेरेंट्झ यांनी जुन्या खडीच्या खाणींची आणि पाइनच्या रानाची ही जागा घडवली. रान राखलं, खड्डे-उंचवटे वापरून घेतले. एका टेकडीवर एल्मच्या झाडांखाली बसायची जागा आहे. तिकडे जाणाऱ्या पायऱ्या वर जाताना कमी उंचीच्या होत जातात, म्हणजे दुःखात चालणाऱ्याला धाप लागू नये. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या गुडघ्यांचा विचार केला होता!

१९४०मध्ये तिथे आस्प्लुंडचं दहनगृह उभं राहिलं. पुढे नव्या गरजांसाठी भट्ट्या हलवायची वेळ आली, तेव्हा योहान सेल्सिंगने त्याच रानात विटांची वेगळी इमारत बांधली. जुन्या प्रार्थनागृहांतले निरोप तसेच चालू राहिले. यंत्र बदललं, जागा मोडावी लागली नाही. टिकाऊपणा म्हणतात तो मला यात दिसतो.

आपले विधी वेगळे, गर्दी वेगळी, पैसाही वेगळा. स्वीडनची नक्कल नको. पण दाहिनीच्या टेंडरमध्ये धुराड्याच्या उंचीसोबत दार बंद होण्याआधीची पाच मिनिटं, कापूर ठेवायला एक दगड, एक पिंपळ आणि त्याखाली पार एवढं लिहायला किती खर्च येतो?

काकांचं मत अजून बदललेलं नाही. मी वाद घालत नाही. त्यांना दाखवण्यासारखी जागा आधी मला सापडायला हवी.