दवाखान्याची तपासणी आणि एका शब्दाचा निकाल : इंग्लंडमधील गुणवत्ता-परीक्षणाची चिकित्सा

प्रास्ताविक

इंग्लंडमध्ये ‘सर्जरी’ हा शब्द शस्त्रक्रियेप्रमाणेच वस्तीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यासाठीही वापरला जातो. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यापासून बहुतेक नागरिकांचे नाव अशा एखाद्या दवाखान्यात नोंदलेले असते. औषधाची चिठ्ठी असो वा तज्ज्ञाकडे पाठवणी, वाट याच दारातून जाते. या दवाखान्यांची गुणवत्ता व सुरक्षितता तपासण्याचे काम ‘केअर क्वालिटी कमिशन’ ही संस्था करते. २००८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या या आयोगाचे काम एप्रिल २००९ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल २०१३ पासून दवाखान्यांना त्याच्याकडे नोंदणी सक्तीची झाली. ही तपासणी नेमके काय पाहते आणि तिचा निकाल रुग्णापर्यंत कोणत्या रूपात पोहोचतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

तपासणीचे स्वरूप

आयोग प्रत्येक दवाखान्याविषयी पाच प्रश्न विचारतो. सेवा सुरक्षित आहे काय? परिणामकारक आहे काय? आस्थेची आहे काय? रुग्णांच्या गरजांना प्रतिसाद देणारी आहे काय? तिचे नेतृत्व सक्षम आहे काय? या मोठ्या प्रश्नांची उत्तरे मात्र अगदी लहान गोष्टींतून शोधली जातात. लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राहते का, त्याची रोज नोंद होते का, तातडीची औषधे मुदतीत आहेत का, प्राणवायूचे नळकांडे भरलेले आहे का, नोकरीवर घेताना कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी पडताळली का, घडलेल्या चुकीची चर्चा होऊन काही बदलले का, असे हे तपशील असतात.

हे तपशील क्षुल्लक मानणे चुकीचे ठरेल. फ्रिज बिघडला तर लस निकामी होते आणि बालकाला टोचूनही संरक्षण मिळत नाही. ही हानी कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. अलीकडच्या काळात संगणकीय रुग्णनोंदींचा शोध घेण्याची पद्धतही रूढ झाली आहे. मेथोट्रेक्सेट किंवा लिथियमसारखी जोखमीची औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या रक्ततपासण्या वेळेवर झाल्या की नाही, हे त्यातून कळते. येथे तपासणी फाइलपाशी न थांबता रुग्णापर्यंत जाते. या पद्धतीचे खरे सामर्थ्य येथेच आहे.

निकालाची भाषा

ऑक्टोबर २०१४ पासून दवाखान्यांना ‘उत्कृष्ट’, ‘चांगले’, ‘सुधारणा आवश्यक’ आणि ‘अपुरे’ अशा चार श्रेणी देण्यात येऊ लागल्या. एप्रिल २०१५ पासून ही श्रेणी दर्शनी भागात लावणे कायद्याने बंधनकारक झाले. २०१७ पर्यंत पहिली फेरी पूर्ण झाली, तेव्हा दहापैकी सुमारे नऊ दवाखाने ‘चांगले’ किंवा त्याहून वरच्या श्रेणीत होते. हे आकडे समाधान देणारे आहेत. परंतु जेथे बहुतेकांना एकच शब्द मिळतो, तेथे तो शब्द निवड करू पाहणाऱ्या रुग्णाला फारसे काही सांगत नाही.

अहवालात तपशील असतात, पण भिंतीवर शब्द लागतो. फ्रिजच्या नोंदींतील त्रुटी, फोन न लागण्याची तक्रार आणि परिचारिकेच्या आपुलकीची प्रशंसा ही तीन वेगवेगळी निरीक्षणे एका विशेषणात विरघळतात. शिवाय त्या शब्दाला तारखेचे भान नसते. तपासणीनंतर डॉक्टर निवृत्त झाले, कर्मचारी बदलले, तरी कागद भिंतीवर तसाच राहतो.

केवळ आकड्यांवर विसंबण्याचा प्रयोगही आयोगाने करून पाहिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये उपलब्ध माहितीच्या आधारे दवाखान्यांची जोखमीच्या सहा गटांत विभागणी जाहीर झाली. गणनेत चुका आढळल्याने आयोगाला क्षमा मागावी लागली आणि पुढील वर्षी ती विभागणी सोडून देण्यात आली. शाळांच्या तपासणीत तर एकशब्दी निकालाविरुद्ध तीव्र जनमत उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये एका मुख्याध्यापिकेने केलेल्या आत्महत्येनंतर हा वाद पेटला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी असा एकत्रित निकाल देणे बंद झाले. दवाखान्यांच्या बाबतीत मात्र तो टिकून आहे.

न दिसणारी खोली

डॉक्टर व रुग्ण यांच्यातील बंद दाराआडचे दहा मिनिटांचे संभाषण हा दवाखान्याचा गाभा होय. तपासणी बहुधा या दाराबाहेरच थांबते. हॅरॉल्ड शिपमन हे याचे सर्वांत भीषण उदाहरण. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील हा लोकप्रिय डॉक्टर जानेवारी २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनांबद्दल दोषी ठरला. न्यायमूर्ती डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये २१५ बळी निश्चित केले. आयोगाच्या जन्माआधीची ही घटना आहे, त्यामुळे तिचा दोष आयोगाकडे जात नाही. तथापि तिच्यातील धडा टाळता येत नाही. रुग्णांची पसंती आणि व्यवस्थित चाललेला दवाखाना ही दोन्ही चिन्हे तेथे होती.

मार्च १९९८ मध्ये शेजारच्या दवाखान्यातील एका डॉक्टरने या मृत्यूंच्या असाधारण संख्येविषयी शंका नोंदवली होती. पोलिसांची पहिली चौकशी निष्फळ ठरली आणि अटक होईपर्यंत आणखी तीन बळी गेले. हा धोका ओळखून शंका नोंदवली ती रोज त्या परिसरात वावरणाऱ्या सहकाऱ्याने. ठरलेल्या दिवशी येणारा निरीक्षक अशा नजरेची जागा घेऊ शकत नाही. फार तर तो तिला बळ देऊ शकतो.

तपासणाऱ्यांची तपासणी

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे नियमित तपासण्या थांबल्या आणि नंतर घडी नीट बसली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आणलेल्या नव्या एकत्रित चौकटीत ३४ गुणवत्ता-विधाने होती. जुलै २०२४ मध्ये डॉ. पेनी डॅश यांच्या अंतरिम अहवालाने आयोगाच्याच कामातील गंभीर उणिवा मांडल्या. सुमारे एकपंचमांश आस्थापनांना कधीच श्रेणी मिळालेली नव्हती आणि काही निरीक्षकांना ते तपासत असलेल्या क्षेत्राचा अनुभवच नव्हता. आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी ही संस्था आपल्या कार्यास योग्य राहिलेली नाही, असे जाहीरपणे म्हटले. विधानांची संख्या वाढवल्याने नजर तीक्ष्ण होत नाही, हे यातून स्पष्ट होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात शुश्रूषागृहांची नोंदणी मूळच्या १९४९ च्या कायद्यान्वये होते. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे बंधनकारक केले. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा मात्र राज्याने स्वीकारलेला नाही. खाटा नसलेला गल्लीतला दवाखाना शुश्रूषागृहांच्या या नोंदणीत येत नाही. डॉक्टरची परिषदेकडील नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम त्याला लागू आहेत, पण सेवेच्या गुणवत्तेची नियमित तपासणी नाही. म्हणजे इंग्लंडमध्ये प्रश्न तपासणी कशी असावी हा आहे, तर येथे ती असावी काय हाच प्रश्न अद्याप सुटलेला नाही. भविष्यात येथे अशी व्यवस्था उभी राहिली, तर श्रेणीच्या फलकापासून आरंभ करण्याचा मोह टाळणे हिताचे ठरेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की तपासणीचे मूल्य तिच्या तपशिलांत आहे; निकालाच्या विशेषणात ते उरत नाही. काय पाहिले, कोणत्या दिवशी पाहिले आणि काय पाहता आले नाही, या तीन गोष्टी सांगणारा साधा कागद भिंतीवर लागला, तर रुग्णाच्या हाती निर्णयाचा आधार येईल. ‘चांगले’ या एका शब्दाने त्याला केवळ दिलासा मिळतो, आणि दिलासा म्हणजे सुरक्षितता नव्हे.