सिंधूचा जबाब, गीतेची जीभ

'एकच प्याला'च्या अखेरीस सिंधू खोटे बोलते. नशेतल्या सुधाकरच्या हातून तान्हे मूल गेलेले असते, ती स्वतः मरणाच्या दारात असते आणि तरीही फौजदारासमोर ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. या प्रसंगाने प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांना रडवले. समीक्षेत मात्र सिंधूचा विचार बहुधा 'सोशिक पतिव्रता' या दोन शब्दांपाशी थांबतो. त्यापुढचा प्रश्न असा, की हे खोटे नाटकाला कशासाठी हवे होते?

राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. सुधाकर बुद्धिमान वकील आहे. न्यायालयातल्या खटक्यानंतर त्याची सनद काही काळापुरती रद्द होते, तो अपमान त्याला सोसवत नाही आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. पुरुषाचा दुखावलेला अभिमान हे इथे शोकांतिकेचे बीज आहे. पण सिंधूचा अपमान तर रोज होतो. माहेरचा आधार नाकारून ती दळणकांडण करते. तिच्या अपमानातून मात्र नाट्य जन्मत नाही. त्यातून जन्मते ती फक्त तिची थोरवी. सुधाकर किती खाली गेला हे मोजण्यासाठी नाटककाराला एक न हलणारी खूण हवी होती. सिंधू ती खूण आहे. तिने खरे सांगितले असते तर सुधाकर गुन्हेगार ठरला असता. ती खोटे बोलते, म्हणून तो शोकनायक राहतो.

'काळच तसा होता' हे उत्तर इथे पुरत नाही. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 सालची आहे. पातिव्रत्याचे सगळे ओझे बाईच्याच माथी का, हा प्रश्न त्यांनी या नाटकाच्या 37 वर्षे आधी रोखठोक विचारला होता. शिवाय खुद्द गडकऱ्यांना दुसरी स्त्री ठाऊक होती आणि ती याच नाटकात आहे. तळीरामाची बायको गीता नवऱ्याच्या व्यसनाबद्दल तोंडावर बोलते, ऐकून घेत नाही. दारुड्याच्या संसाराचे तिचे निदान अचूक आहे. मग हीच गीता स्मरणात का राहिली नाही? कारण तिचे खरे बोलणे विनोदाच्या खात्यात टाकलेले आहे. सिंधूला पदे मिळाली, गीतेला फटकळपणा. सोसणारीला करुण रस आणि बोलणारीला हशा, अशी ही वाटणी आहे. स्त्रीप्रतिमेचा साचा एकट्या सिंधूत सापडत नाही, तो या वाटणीत सापडतो.

या साच्याला रूप देणारे सगळे हात पुरुषांचे होते, हेही नोंदवले पाहिजे. संहिता गडकऱ्यांची, पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आणि सिंधू बालगंधर्वांची. घरंदाज बायका बालगंधर्वांची वेशभूषा उचलत, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे पुरुषाने रंगवलेल्या स्त्रीचा आरसा खऱ्या स्त्रिया आपल्यासमोर धरत होत्या. पुढे 1933 साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि हळूहळू ती रीत झाली. नटी आली, पण साचा बदलायला तेवढे पुरले नाही. 1991 सालच्या 'माहेरची साडी'ने गर्दीचा उच्चांक केला, तो सोसणाऱ्या सुनेच्याच बळावर. आजच्या दूरचित्रवाणी मालिकांतली वाटणीही पाहा. नायिका सोसते आणि गप्प राहते. स्पष्ट बोलण्याचा हक्क खलनायिकेला किंवा विनोदी शेजारणीला असतो.

वाटणी मोडता येते, याचा पुरावा 'उंबरठा'ने 1982 साली दिला. जब्बार पटेल यांच्या या चित्रपटातली सुलभा महिलाश्रमाचे काम सोडून घरी परतते, तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती आकांत करत नाही, क्षमाही करत नाही. पुन्हा घराबाहेर पडते. तिच्या निघून जाण्याने नवरा थोर होत नाही आणि ती हास्यास्पदही होत नाही. एका बाईचा निर्णय एवढेच त्याचे मोल राहते, आणि तेवढे पुरेसे असते.

'एकच प्याला'ची भाषा, त्यातला विनोद आणि तळीरामासारखे पात्र यांचे मोल या वाचनाने कमी होत नाही. नाटक टाकून द्या, असेही म्हणणे नाही. पण सिंधूच्या जबाबाला दाद देताना थोडे थबकायला हवे. नवऱ्याच्या छळाला फौजदारी गुन्हा ठरवणारे 498 अ हे कलम 1983 साली आले, तरी इस्पितळात 'जिन्यावरून पडले' म्हणणारी बाई आजही आपल्या परिचयाची आहे. ती हे भीतीपोटी म्हणते, मुलांसाठी म्हणते, जायला दुसरी जागा नसते म्हणून म्हणते. आपल्या रंगभूमीने त्याच वाक्याला शंभर वर्षे पुण्य मानले. नव्या प्रयोगात सिंधूचे पद कोण गाणार याची चर्चा होईलच. गीतेचे बोलणे कोणी दिग्दर्शक हशासाठी न वापरता नीट ऐकवील का, हे पाहायला मी पहिल्या रांगेचे तिकीट काढीन.