शेगडी बदलली, धूर बदलला का?

थंड प्रदेशातील डोंगरांनी वेढलेल्या गावांमध्ये हिवाळ्याच्या रात्री एक गोष्ट हमखास घडते. जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग घराघरांतल्या धुराड्यांतून निघालेला लाकडाचा धूर वर न जाता दरीतच कोंडून राहतो. अमेरिकेतील मोंटाना राज्यातले लिबी आणि ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरचे लॉन्सेस्टन ही अशी दोन गावे. घर उबदार ठेवण्यासाठी तेथे लोखंडी शेगडीत लाकूड जाळण्याची पद्धत रुजलेली होती.

यावर उपाय म्हणून अनेक देशांनी एक सोपी वाटणारी योजना आखली. जुनी शेगडी द्या, नवी स्वच्छ शेगडी किंवा विजेवरचे साधन घ्या, खर्चाचा काही भाग आम्ही सोसू. अशा योजनांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हाला त्यातले काही मान्य आहे, काही नाही.

आधी मान्य असलेले सांगू. लिबीमध्ये २००५ ते २००७ या काळात अकराशेहून अधिक जुन्या शेगड्या बदलण्यात आल्या. गावाच्या हवेतील अतिसूक्ष्म कणांचे (२.५ मायक्रॉन व त्याहून लहान) हिवाळ्यातील प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी घटले. लॉन्सेस्टनमध्ये २००१ सालापासून सुमारे वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर या कामासाठी मिळाले. लाकडावर घर तापवणारी कुटुंबे ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आली. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे हिवाळ्यातील सरासरी प्रमाण घनमीटरला ४४ मायक्रोग्रॅमवरून २७ वर उतरले. ही घट ३९ टक्क्यांची आहे. हे यश लहान नव्हे.

परंतु हे यश पैशाचे, असे म्हणताना थोडे थांबायला हवे. लॉन्सेस्टनमध्ये अनुदानाच्या जोडीला लोकशिक्षण होते आणि धुराबाबतच्या नियमांची अंमलबजावणीही होती. शिवाय तेथील बहुतेक कुटुंबे नव्या शेगडीकडे नव्हे, तर विजेकडे वळली. लिबीमध्ये मात्र लाकडाच्या जागी बहुतांशी लाकूडच राहिले, फक्त शेगडी नवी आली. दोन्ही गावांत मोजलेले कण वेगळे असल्यामुळे आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही, पण ‘शेगडी बदलणे’ आणि ‘इंधन बदलणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये.

नवी शेगडी स्वच्छ का असते, आणि कधी नसते? लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात. ते पूर्ण जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी हवा लागते. तसे झाले नाही तर तेच वायू धूर होऊन बाहेर पडतात. आता ४० टक्के पाणी असलेले एक किलो ओले लाकूड घ्या. त्यातील ४०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला ग्रॅमला ५४० कॅलरी या हिशेबाने सुमारे २१६ किलोकॅलरी लागतील. उरलेल्या ६०० ग्रॅम कोरड्या लाकडातून अंदाजे २७०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे उष्णतेचा तोटा जेमतेम आठ टक्के! खरे नुकसान वेगळेच आहे. या वाफेमुळे ज्वाला निवते, वायू अर्धवट जळतात आणि धूर कितीतरी पटींनी वाढतो. रात्रभर निखारे टिकावेत म्हणून हवेची झडप बंद केली तरी हेच होते. नवी शेगडीही अशा वापरात जुनीसारखी धुमसते. लिबीतील घरांच्या आत नंतर केलेल्या मोजण्यांत सरासरी सुधारणा दिसली, पण काही घरांत ती अजिबात दिसली नाही.

दुसरा आक्षेप प्रमाणपत्राचा. जुनी शेगडी तासाला १५ ते ३० ग्रॅम कण सोडते. अमेरिकेतील २०२० पासूनच्या नियमानुसार नव्या शेगडीने चाचणीत २ ग्रॅमच्या आत राहायला हवे. कागदावर फरक प्रचंड आहे. पण २०२३ साली त्या देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या महानिरीक्षक कार्यालयानेच अहवाल दिला, की शेगड्यांची चाचणी व प्रमाणन नीट होते याची खात्री देता येत नाही. २०१५ ते २०२१ या काळात शेगड्या बदलण्यासाठी सुमारे ८ कोटी २० लाख डॉलर अनुदान वाटले गेले होते. मापच शंकास्पद असेल तर या पैशाने किती धूर कमी झाला, हे कोण सांगणार?

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. २०२३ ते २०२५ या काळात अमेरिकेत कार्यक्षम शेगडीच्या खर्चावर ३० टक्के, जास्तीत जास्त २००० डॉलर, करसवलत होती. ज्याला कर भरावाच लागत नाही इतके ज्याचे उत्पन्न कमी, त्याच्या हाती यातून काहीच येत नव्हते. सर्वांत जुनी, सर्वांत धुरकट शेगडी बहुधा त्याच्याच घरात असते.

हे वाचताना आपल्या वाचकांना काही ओळखीचे वाटले असेल. आपल्याकडे १९८३ ते २००२ या काळात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. चुली किती बसवल्या याची मोजणी कोटींत झाली. किती पेटत राहिल्या, हा प्रश्न मागे पडला. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेबाबत महालेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की डिसेंबर २०१८ पर्यंतच्या लाभार्थींचा वापर वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर होता. जोडणी मिळाली, पण चूल पूर्णपणे सुटली नाही. वस्तू देणे सोपे असते. ती रोज वापरणे परवडावे, ही व्यवस्था करणे अवघड असते.

लॉन्सेस्टनचा अभ्यास वर्गात घेण्यासारखा आहे. धूर घटल्यावर तेथील पुरुषांमधील वार्षिक मृत्युप्रमाण ११.४ टक्क्यांनी कमी झाले. स्त्री-पुरुष मिळून पाहिले तर घट दिसली, पण ती योगायोगाची नव्हे असे ठामपणे म्हणण्याइतकी नव्हती. अभ्यासकांनी होबार्ट हे शेजारचे, योजना न राबवलेले शहर तुलनेला घेतले होते. ते का घेतले असेल, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. उत्तर सापडले की ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढ्याच दोन आकड्यांवर विसंबणे किती फसवे आहे, ते त्यांच्या लक्षात येईल.

अनुदान नको, असे आमचे म्हणणे नाही. ते गरिबाच्या घरापासून सुरू व्हावे, जुनी शेगडी मोडीत निघाल्याची खात्री करून मिळावे, शक्य तेथे लाकडापासून सुटका करणारे असावे आणि यशाची मोजणी विकलेल्या शेगड्यांत नव्हे, हवेत व्हावी. धूर पावती पाहून कमी होत नाही.