खालीपासून समेपर्यंत

आपण रसग्रहण करतो ते रंगमंचावरच्या नृत्याचे. नृत्य शिकवणे हीसुद्धा कलाच आहे, आणि मार्च २०२० मध्ये करोनामुळे वर्गांना कुलपे लागल्यावर कथकच्या शिक्षिकांनी मोबाईलवरून जे शिकवायला घेतले, त्यात ती कला मला फार जवळून पाहायला मिळाली. पुण्यातल्या अशाच एका वर्गातली एक छोटी तिहाई इथे उलगडून पाहू.

त्रितालाच्या १६ मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. ‘तिगदा दिगदिग थेई’ हे तीन मात्रांचे बोल नवव्या मात्रेपासून तीनदा म्हटले की शेवटचा ‘थेई’ थेट समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येतो. एरवी दालनात शिकवणाऱ्या ताई ठेका धरतात, लेहऱ्याची सुरावट चालू असते, साऱ्या मुलींची पावले एकदम पडतात. जिचा अंदाज चुकतो, तीही शेजारणीच्या पावलांवर सम गाठते.

ऑनलाइन वर्गात घाव बसतो तो नेमका या समेवर. आवाज पोहोचायला थोडा वेळ लागतो. गप्पांमध्ये तो जाणवत नाही. पण मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय असेल, तर एक मात्रा पाव सेकंदाची. जाऊन-येऊन तेवढा उशीर झाला, तरी विद्यार्थिनीचा अचूक ‘थेई’ ताईंना दुसऱ्या मात्रेवर ऐकू येतो. दोघीही समेवर, आणि तरी दोघींची सम वेगळी. त्यात घुंगरांचा नाद गोंगाट समजून ॲप गाळून टाकते, त्यामुळे पावलांवरून लय ताडण्याचीही सोय उरत नाही.

ताईंनी यावर काढलेला उपाय मला विलक्षण वाटला. त्यांनी मुलींचे आवाज बंद ठेवून पढंत, म्हणजे बोलांचे तालातले पठण, करून दाखवली, आणि मग स्वतःचा ठेका थांबवला. एकेकीला म्हणाल्या, “आता बोल तू म्हण, टाळीही तूच दे. मी नुसती ऐकते.” ज्या लयीचा भार गुरू वाहते, ती त्यांनी विद्यार्थिनीच्या हाती सोपवली. एका मुलीने दुसऱ्या ‘थेई’नंतर नकळत श्वास घेतला. तेवढ्याने तिहाई लांबली आणि शेवटचा ‘थेई’ समेच्या पलीकडे गेला. दालनात तो श्वास इतरांच्या आवाजात बुडून गेला असता. ताई म्हणाल्या, “पाय बरोबर आहेत गं, पण मध्ये श्वास घेतेस. पुन्हा खालीपासून.” खालीला तिचा तळहात नीट उलटला का, इथपर्यंत त्यांचे लक्ष होते.

हे कथकमध्ये शक्य झाले, कारण या शैलीत बोल नाचण्याइतकेच म्हणण्याचेही असतात. कथकगुरू बिरजू महाराजांची पढंत ऐकलेल्यांना वेगळे सांगायला नको. त्यांनी बोल म्हटले की नाच डोळ्यांपुढे उभा राहायचा. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ ही कथकसंस्था सुरू केली, तेव्हापासून या शहरात बोलांचा आणि त्यांमागच्या विचाराचा कसून अभ्यास होत आला आहे. पडद्यावरच्या वर्गाला ही पुंजी उपयोगी पडली. अभिनयाचेही तेच. कॅमेऱ्याजवळ बसलेल्या मुलीची भुवई उगाच उचलली गेली किंवा नजर हस्ताच्या आधीच धावली, तर ते लगेच दिसते.

मात्र पाय दिसावेत म्हणून मोबाईल लांब ठेवला की तोच चेहरा ठिपक्याएवढा होतो. तत्कारात पूर्ण तळवा पडतो की नुसती टाच वाजते, हे कळत नाही. खांद्याला हात लावून कोपर वर उचलून देता येत नाही. कोणी घरच्या कडक फरशीवर नाचते, तर कोणी खालच्या मजल्यावरच्यांच्या धास्तीने पाय हलके टाकते, आणि हलके पडणारे पाऊल पुढे अंगवळणी पडते. नवशिक्यांना ऑनलाइन घ्यायला बऱ्याच शिक्षिका नाराज असतात, ते यामुळेच. पाया भरलेल्या मुलींना मात्र त्या आनंदाने शिकवतात. पुण्यातल्या संध्याकाळी न्यू जर्सीत सकाळी उठून पढंतीला बसणारी मराठी मुलगी त्यांना हवीच असते.

या दोन्ही भूमिका मला एकाच जाणकारीतून आलेल्या दिसतात. शरीर घडवायला शेजारी उभे राहावे लागते, कान आणि वाणी दुरूनही घडवता येतात, हे या शिक्षिकांनी अनुभवातून ओळखले. म्हणून दालने उघडल्यावरही पढंतीचा एखादा तास पडद्यावर चालू राहिला, तर तो तडजोड म्हणून नव्हे, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून राहावा. आपली सम आपणच सांभाळायची, ही शिस्त उद्या रंगमंचावर एकटीने उभे राहणाऱ्या प्रत्येक नर्तकीला लागणारच आहे.